मूल सांभाळणाऱ्या घराचा कागद : गढ्यातील घरगुती पाळणाघरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जबलपूर
मा. आयुक्त, महानगरपालिका, जबलपूर
मा. जिल्हा कार्यक्रम अधिकारी, महिला व बालविकास विभाग, जबलपूर

विषय : घरगुती पाळणाघरांतील धोक्यांच्या तपासणीची नोंद, तिचा नमुना, तिला मिळावयाचे संरक्षण आणि त्यासाठी लागणारे साहाय्य यांबाबत.

महोदय, महोदया,

गढा भागात स्वतःच्या राहत्या घरी दुसऱ्यांची लहान मुले सांभाळणाऱ्या आम्ही महिला हे मागणीपत्र आपल्यापुढे ठेवत आहोत. आमच्यात मराठी घरांतल्या आहेत, तशा हिंदी बोलणाऱ्याही आहेत. आपल्या कार्यालयात दाखल होणारी प्रत हिंदीत असेल. ही मराठी प्रत आमच्या मराठी सभासदांसाठी आणि मूल आमच्या हवाली करून कामाला जाणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी आहे. जे सरकारकडे मागायचे, ते त्यांनीही आधी वाचलेले असावे, असे आम्हांला वाटते.

आमच्याकडे मुले येतात ती मेडिकल कॉलेजमधल्या नर्सबाईंची, वीज कंपन्यांच्या शक्तिभवनातल्या लिपिकांची, रेल्वेतल्या कर्मचाऱ्यांची, शाळाशिक्षिकांची आणि दुकानात उभ्याने आठ-नऊ तास काढणाऱ्या मुलींची. कुणाची ड्यूटी सकाळी, कुणाची दुपारी, कुणाची रात्री. आजी-आजोबा गावाकडे किंवा नागपूर-अमरावतीला. इथे नवरा-बायको दोघेच. अशा घरांचा संसार आमच्या ओसरीवर आणि पुढच्या खोलीवर उभा आहे. गढ्याच्या कुठल्याही गल्लीत असे एखादे घर असतेच. त्यावर पाटी नसते. ‘त्या काकूंकडे ठेवतात मुलं’ एवढीच त्याची ओळख.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कागदपत्रांतून आमची सुटका करा, असे आम्ही म्हणत नाही. आम्हांला कागद हवा आहे. घरात मुलाला कशापासून इजा होऊ शकते, ती होऊ नये म्हणून काय केले आहे, ते पुन्हा कधी तपासले, हे लिहून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. मात्र तो कागद कुणी लिहायचा, कसा लिहायचा, कुणी पाहायचा आणि खरे लिहिल्याबद्दल लिहिणारीचे काय होणार, हे आज कुठेच ठरलेले नाही. ते ठरावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कायद्याची स्थिती अशी आहे. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 50 ची तीच अट आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2018 मध्ये अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2017 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खासगी प्ले स्कूलसाठी नियमावली दिली. मिशन शक्तीखाली ‘पालना’ योजना आली आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघरे निघू लागली. ह्या सगळ्यात दोन खोल्यांच्या घरात चार-पाच मुले सांभाळणारी बाई कुठेच बसत नाही. ती आस्थापना नाही, प्ले स्कूल नाही, अंगणवाडीही नाही. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम पोर्टलवर तिचे नाव चढू शकते, पण तिच्या घरातल्या मुलांची नोंद कोणत्याच खात्याकडे नाही.

म्हणून आज कागदाची मागणी चारी बाजूंनी आणि नाना प्रकारांनी होते. एखाद्या आईची कंपनी पाळणाघराचा भत्ता देण्याआधी ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ मागते. ते कोण देणार, हे कंपनीलाही ठाऊक नसते. घरमालक ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असे लिहून घेतो. कुणी इंटरनेटवरून इंग्रजी नमुना उतरवून आणतो, त्यात बर्फावरून घसरण्याचा आणि घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा धोका विचारलेला असतो. इथे गढ्यात मात्र मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो आणि आमच्या दारात लू वाहते.

ह्या हवेतला धोका काय असतो, त्याचे एकच उदाहरण देतो. लोखंडी पत्र्याचा कूलर. मार्चअखेरीस तो माळ्यावरून खाली येतो, खिडकीत किंवा खोलीच्या कोपऱ्यात बसतो. पंपाची वायर दोन ठिकाणी टेप लावून जोडलेली, पाणी भरताना आजूबाजूची फरशी ओली, आणि अनवाणी मूल गारव्यासाठी नेमके त्या पत्र्याला गाल लावायला जाते. अर्थिंग नसेल, तर पंपातली गळती त्या पत्र्यावर उतरते. शिवाय टाकीतले पाणी आठवडाभर बदलले नाही की त्यात डासांच्या अळ्या होतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर डेंग्यू घरात येतो. एकाच वस्तूत विजेचा, पाण्याचा आणि आजाराचा असे तीन धोके. परदेशी नमुन्यात कूलरचे नाव नाही. आपल्या सरकारी सूचना प्रामुख्याने कार्यालयाच्या इमारतीतल्या पाळणाघरासाठी लिहिलेल्या आहेत. आमच्या तपासणीच्या कागदावर मात्र कूलर पहिल्या ओळीत असला पाहिजे. अर्थिंग कधी पाहिले, कुणी पाहिले, पंप बंद करूनच पाणी भरायचे हे घरातल्या सगळ्यांना सांगितले का, भोवती स्टूल किंवा जाळी लावली का, टाकी कोणत्या वारी रिकामी करून घासायची, हे त्या ओळीत यावे.

असेच विळीचे. मराठी घरात भाजी जमिनीवर बसून चिरतात, विळी पाट्यासारखी खाली असते आणि फोन वाजला की बाई तशीच उठते. पाते मिटवून ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून ठेवायची, हा नियम लिहिलेला असेल तर सासूबाईंनाही सांगता येतो. देवघरातली समई, न्हाणीघरातली भरलेली बादली, फरशी पुसायचे तेजाब पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले, इन्व्हर्टरची बॅटरी, गच्चीचा अर्धवट कठडा, दाराच्या बिजागरीकडची फट, रिमोटमधला बटणासारखा सेल. बादलीतल्या वीतभर पाण्यातही रांगते मूल बुडू शकते. बटणसेल गिळला गेला, तर अन्ननलिका दोनच तासांत जळू लागते. ‘उद्या डॉक्टरला दाखवू’ म्हणायला तिथे सवड नसते. फुटाणे, शेंगदाणे आणि आख्खी द्राक्षे चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. दुपारी गोळ्या-फुटाण्यांचा पुडा घेऊन येणाऱ्या शेजारच्या मामांना माहीत नसते. कागद त्यांच्यासाठीही आहे.

घराबाहेरचे धोके इथल्या भूमीचे आहेत. गढा हे तळ्यांचे गाव. देवताल आणि संग्रामसागर आमच्या मुलांच्या चालण्याच्या टप्प्यात आहेत. मदनमहालच्या टेकड्यांकडून पावसाळ्यात साप-विंचू अंगणात उतरतात. नाल्या उघड्या आहेत, मोकाट कुत्री आहेत. आणि भूकंप आहे. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर हादरले, तेव्हा 5.8 च्या त्या धक्क्याने शहरात आणि परिसरात 38 जणांचा बळी घेतला. दिवस उगवायचा होता म्हणून मुले आपापल्या आईजवळ होती. हाच धक्का सकाळी अकराला बसला असता, तर ती आमच्याजवळ असती. जड कपाट भिंतीला पट्टीने जखडलेले आहे का, मुले झोपतात त्या जागेवर फळी किंवा टीव्ही तर नाही ना, बाहेर पडायला किती दारे आहेत, हे त्या कागदावर असावे, असा आमचा आग्रह आहे. शेजारच्या भिंतीचा तडा आमच्या हातात नाही, कपाटाची पट्टी आहे.

आता मागण्या.

पहिली मागणी ओळखीची. ‘घरगुती पाळणाघर’ अशी वेगळी, विनाशुल्क नोंदणी वॉर्ड पातळीवर सुरू करावी. तिच्यासोबत मुलांच्या संख्येवर मर्यादा यावी, आणि ती आम्ही आपण होऊन मागत आहोत. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या महिलांची ऑफस्टेड ह्या सरकारी यंत्रणेकडे किंवा मान्य संस्थेकडे नोंदणी होते. तिथे एकटीने आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुले सांभाळावीत, त्यांत शाळेच्या वयाखालची तीन आणि एक वर्षाच्या आतले एक, असा सर्वसाधारण नियम आहे. बाईची स्वतःची मुलेही त्यात मोजली जातात. आकडे इथल्या परिस्थितीप्रमाणे ठरावेत, पण ठरावेत. दहा-बारा मुले एकटीने सांभाळणारीला कितीही चांगला कागद वाचवू शकणार नाही.

ह्याच नोंदणीला जोडून एक लेखी आश्वासन हवे. घर पाळणाघर म्हणून नोंदले, म्हणून विजेची जोडणी आणि मालमत्ता कर घरगुतीवरून व्यावसायिक करू नये. बायका कागदापासून पळतात त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. सही केली की मीटर बदलेल, घरमालक भाडे वाढवेल किंवा घर रिकामे करायला सांगेल, ही भीती असेपर्यंत नोंदणीचा फॉर्म कुणी भरणार नाही. आम्ही कितीही समजावले तरी नाही.

दुसरी मागणी नमुन्याची. सर्वांसाठी एकच, एका पानाचा, हिंदीत आणि मागेल तिला मराठीत मिळणारा नमुना असावा. त्यात रकाने पाचच: वस्तू किंवा जागा, तिच्यामुळे कोणत्या वयाच्या मुलाला काय होऊ शकते, आम्ही काय केले, अजून काय राहिले आणि कधीपर्यंत करणार, कुणी आणि कोणत्या तारखेला पाहिले. ज्या बाईला लिहिण्याची सवय नाही, तिने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे. पण घरातून फिरत, वस्तूसमोर उभे राहून आणि शक्य तिथे गुडघ्यांवर बसून मुलाच्या उंचीवरून पाहावे ते तिनेच. उभ्या माणसाला टेबलाखालचा खिळा दिसत नाही. बाजारात पैसे घेऊन तयार फायली विकणारे येतीलच. कोऱ्या नावाची जागा ठेवलेली छापील तपासणी स्वीकारू नये, असे नमुन्यावरच लिहिलेले असावे.

तपासणी वर्षातून तीनदा व्हावी आणि तिचा हिशेब ऋतूंचा असावा: होळीनंतर कूलर खाली काढताना, पहिल्या पावसाआधी, आणि दिवाळी उरकल्यावर शेगड्या-हिटर बाहेर येतात तेव्हा. याशिवाय नवे मूल आले, घरात काही दुरुस्ती निघाली किंवा काही विपरीत घडता घडता राहिले, तर त्याच दिवशी. रोज भरायचे रजिस्टर आम्हांला नको. अंगणवाडीताईंकडे पाहा. रजिस्टरे होतीच, 2021 पासून पोषण ट्रॅकरचे ॲपही आले; मुलांपेक्षा मोबाइलच्या पडद्याकडे पाहण्यात त्यांचा वेळ जातो, ही तक्रार त्या स्वतः करतात. आमच्याकडे तर मदतनीसही नाही. एकटी बाई लिहायला बसली की मुलांवरची नजर हटते, आणि तो आमच्या घरातला सर्वांत मोठा धोका आहे. इंग्लंडच्या नियमावलीतही धोके ओळखून कमी करणे बंधनकारक आहे, मात्र त्यातले काय लिहून ठेवणे उपयोगी, हे ठरवण्याचे काम सांभाळणारीवर सोपवले आहे. पालकांनी किंवा तपासनिसाने विचारले, तर तिला दाखवता आले पाहिजे. आम्ही त्याहून थोडे जास्त मागतो: एक पान सर्वांना सक्तीचे. कारण इथे आज काहीच नाही, आणि बाईच्या तोंडी शब्दावर अपघातानंतर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी मागणी ह्या पत्राचा गाभा आहे. ती आपण सावकाश वाचावी.

समजा एका घरात दीड वर्षाच्या मुलाच्या घशात काकडीचा तुकडा अडकला. बाईने त्याला मांडीवर पालथे घेतले, पाठीत थापा मारल्या, तुकडा बाहेर पडला, मूल रडले आणि पाच मिनिटांत खेळायला लागले. आता तिने हे लिहावे का? लिहिले, तर उद्यापासून ती तुकडे किसून देईल, शेजारची पाळणाघरवाली वाचून तेच करील आणि मुलाची आई घरी सावध होईल. पण लिहिले, म्हणजे तिच्याच अक्षरात तिच्याविरुद्ध पुरावा तयार झाला. पुढे कधी भांडण झाले, फी थकली, शेजाऱ्याने तक्रार केली, की तोच कागद पुढे येणार: ‘हिच्याकडे मूल गुदमरले होते, हिने स्वतः लिहिलेय.’ असे असताना शहाणी बाई काय करील? ती लिहिणार नाही. तिच्या फाइलमध्ये वर्षभर ‘सर्व ठीक’ एवढेच असेल. तपासायला आलेले अधिकारी समाधानाने सही करतील. आणि काकडीचा तुकडा पुढच्या घरात पुढच्या मुलाच्या घशात अडकेल.

सगळ्या फाइली निष्कलंक असणे, हे आम्ही धोक्याचे लक्षण मानतो. चार मुले जिथे दिवसभर धावतात, तिथे महिन्याला काहीतरी सांडते, कुणी पडते, कुणाचे बोट दारात येता येता वाचते. म्हणून मागणी अशी की, थोडक्यात टळलेल्या अपघाताची जी नोंद बाईने स्वतःहून, त्याच दिवशी केली आणि पालकांना दाखवली, ती नोंदणी रद्द करण्याचा, दंडाचा किंवा निष्काळजीपणा ठरवण्याचा आधार धरू नये. विभागाने तसे परिपत्रक काढावे. उलट घडलेला प्रसंग लपवल्याचे पुढे सिद्ध झाले, तर तिथे कारवाई कडक असावी. ज्या नोंदी येतील, त्या नावे वगळून विभागाने तीन महिन्यांनी एकत्र कराव्यात आणि ‘ह्या तिमाहीत काय काय होता होता राहिले’ एवढे एक पान सर्व नोंदणीकृत घरांना पाठवावे. आम्हांला शिकायला ह्याहून चांगले पुस्तक मिळणार नाही.

ह्या संरक्षणाला एक पक्की सीमा आहे, ती आम्हीच आखून देतो. मुलाला मारहाण, उपाशी ठेवणे, गुंगीचे औषध पाजणे आणि लैंगिक अत्याचार ह्यांना कोणतेही संरक्षण नसावे. 2012 च्या पॉक्सो कायद्यात अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे; ते बंधन आमच्यावरही जसेच्या तसे आहे. 2016 मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण देशाने पाहिली. 2022 मध्ये आपल्याच जबलपुरात दोन वर्षांच्या मुलाला सांभाळायला ठेवलेल्या बाईने केलेली मारहाण आईवडिलांनी घरात बसवलेल्या कॅमेऱ्यात सापडली. त्या बातम्यांनंतर पालक आमच्याकडे पाहताना कसे पाहतात, हे आम्ही रोज अनुभवतो, आणि त्यांचे चुकते असे आम्हांला वाटत नाही. त्यांना खात्री करून घेण्याचा पूर्ण हक्क आहे. पोलीस पडताळणी आमच्या घरातल्या सर्व प्रौढांची व्हावी. ती विनाशुल्क आणि ठरलेल्या मुदतीत व्हावी, इतकेच आम्ही मागतो. कॅमेरा मात्र सक्तीचा करू नये. तो घडून गेल्यावर दाखवतो, शिवाय आमचे हे राहते घर आहे, आणि मुलांचे कपडे बदलताना, त्यांना निजवताना होणारे चित्रण कुणाच्या फोनवर साठते, हा साधा प्रश्न नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. आमच्या फाइलींतही मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स साठवायला लावू नयेत.

चौथी मागणी औषधांविषयी. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने 20 हून अधिक मुले दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि मुलांची मूत्रपिंडे बंद पडली. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या वेळी पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. आजही सकाळी दारात मूल सोपवताना पिशवीत बाटली टाकून ‘दुपारी एक चमचा द्या’ म्हणणारे पालक आहेत. आम्ही नाही म्हटले तर वाईट वाटते, हो म्हटले तर जीवघेणी जबाबदारी. विभागाने औषध देण्याच्या परवानगीचा छापील कागद द्यावा: डॉक्टरच्या चिठ्ठीची तारीख, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा मिलिलिटरमध्ये, शेवटची मात्रा घरी कधी दिली, पालकाची सही. हा कागद नसेल तर औषध नाही. हा नियम सरकारच्या नावाने असला की दारातला संकोच संपतो.

पाचवी मागणी प्रशिक्षणाची. मेडिकल कॉलेज गढ्यातच आहे. त्यांच्या बालरोग विभागाने आणि शहराच्या अग्निशमन दलाने मिळून वर्षातून दोनदा दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. घशात अडकलेले काढणे, भाजल्यावर पहिली वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरणे, झटके आल्यावर काय करू नये, सर्पदंशात आवळून बांधण्याचा नाद सोडून मुलाला न हलवता थेट रुग्णालयात कसे न्यावे, गॅसची गळती, आणि पाळण्यातल्या बाळाला पाठीवर निजवणे. हे हाताने करून शिकवावे, चित्रफितीवर भागवू नये. शिबिर रविवारी असावे, कारण इतर दिवशी आम्ही गेलो तर मुलांच्या आयांची ड्यूटी बुडते. आगीचे सांगायला नकोच: 1 ऑगस्ट 2022 रोजी जबलपुरातल्या एका खासगी रुग्णालयात लागलेल्या आगीत आठ जण गेले. तिथे बाहेर पडायच्या वाटेचा प्रश्न मृत्यूचा प्रश्न ठरला. आमच्या घरांना तर पुष्कळदा एकच दार असते.

सहावी, पैशांची. नोंदणीनंतर एकदाच मिळणारे छोटे साहाय्य असावे, रोख न देता वस्तूंच्या रूपाने दिले तरी चालेल: वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच आणि अर्थिंगची तपासणी, जिन्याचे फाटक, कपाटांच्या पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, झाकणाची टाकी, आग विझवण्याचा लहान सिलिंडर. कागदावर ‘काय राहिले’ हा रकाना भरून घ्यायचा आणि ते पुरे करायला बाईच्या महिन्याच्या कमाईकडे बोट दाखवायचे, यात अर्थ नाही. विम्याचेही पाहावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, पण ती 18 ते 70 वयाच्या खातेदारांसाठी आहे. मुले आमच्याकडे असतील त्या वेळेत त्यांना संरक्षण देणारा सामूहिक विमा महानगरपालिकेने काढावा. हप्त्यातला वाटा आम्ही आणि पालक उचलू.

सरकारी तपासणीबद्दल थोडक्यात. वर्षातून एक भेट कळवून आणि तक्रार आली तर न कळवता, कामाच्या वेळेत, महिला अधिकाऱ्याने करावी. निरीक्षणाची प्रत तिथल्या तिथे मिळावी. पहिल्या भेटीत आढळलेल्या उणिवेला दुरुस्तीची मुदत असावी. मुलाच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर मुदत नको, ती खोली लगेच बंद.

लहान मुलांची सोय लोकांच्या दारापर्यंत नेण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केले. मुले बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. आमचे काम त्याच जातीचे आहे, एवढा आदर आम्ही स्वतःच्या कामाबद्दल बाळगतो आणि शासनानेही बाळगावा, असे म्हणतो.

सरकारने हालचाल करेपर्यंत आम्ही हात बांधून बसणार नाही. पाच रकान्यांचा कागद आम्ही हाताने आखून घेतला आहे आणि येत्या होळीनंतरची तपासणी त्यावर करू. तो पुढच्या खोलीत, चपला काढण्याच्या जागी लावू. त्याच्या शेजारी 112 आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हे क्रमांक, जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि प्रत्येक मुलाला न्यायला कोण येऊ शकते त्यांची नावे असतील. यादीत नाव नसलेल्या सख्ख्या काकालाही मूल मिळणार नाही. राग मानू नये.

मा. जिल्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ह्या मागण्यांवर आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि नमुना ठरवताना पाळणाघर चालवणाऱ्या किमान दोन महिलांना सोबत घ्यावे, ही विनंती.

आणि पालकांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. संध्याकाळी मूल न्यायला याल तेव्हा गाडी चालू ठेवून दारातून हाक मारू नका. आत या, तो कागद वाचा, तुमच्या मुलाची जी सवय आम्हांला ठाऊक नाही ती त्यात लिहा आणि खाली सही करा. ज्या घरात असा कागद नसेल, तिथे तो मागा.

आपल्या नम्र,
गढा परिसरातील घरगुती पाळणाघरे चालवणाऱ्या महिला
जबलपूर